रॉड सर्लिंग : दुःस्वप्नांतून आलेल्या गोष्टी

मध्यरात्री घर शांत झोपलेले असावे, वडिलांच्या ओरडण्याने मुलांना जाग यावी आणि सकाळी विचारल्यावर त्यांनी सांगावे की, स्वप्नात शत्रू अंगावर चालून येत होता. अमेरिकी लेखक रॉड सर्लिंग यांच्या घरात असे घडत असे. त्यांची धाकटी मुलगी अ‍ॅन हिने वडिलांच्या आठवणींच्या पुस्तकात या रात्रींबद्दल लिहिले आहे. तोवर दुसरे महायुद्ध संपून बरीच वर्षे लोटली होती. सर्लिंग दूरचित्रवाणीवरचे नावाजलेले लेखक झाले होते, घरात सुखसोयी होत्या, कपाटात पुरस्कार होते. तरीही झोपेत ते फिलिपिन्सच्या जंगलात परतत होते.

'द ट्वायलाइट झोन' या मालिकेचे जनक म्हणून जग सर्लिंग यांना ओळखते. परग्रहवासी, अणुयुद्ध, कालप्रवास, भुते अशा कल्पनारम्य गोष्टींच्या आडून त्यांनी युद्ध, वंशद्वेष आणि झुंडीची मानसिकता यांविषयी सांगितले. त्यांचे आयुष्य अवघे पन्नास वर्षांचे. पण भीती माणसाच्या शरीरात कशी घर करते आणि समाजात कशी पसरते, या दोन्ही गोष्टी त्यातून समजून घेता येतात.

रॉडचा जन्म २५ डिसेंबर १९२४ रोजी न्यूयॉर्क राज्यातील सिराक्यूज येथे एका ज्यू कुटुंबात झाला. त्याचे बालपण मात्र त्याच राज्यातल्या बिंगहॅम्टन या लहान शहरात गेले. वडील दुकानदार होते. मुलगा भलता बोलका, नाटक्या, सतत गोष्टी रचणारा. गावातल्या बागेतले लाकडी घोड्यांचे फिरते चक्र आणि उन्हाळ्यातल्या संध्याकाळी त्याच्या मनात कायमच्या राहिल्या. पुढे आपल्या कथांमध्ये तो पुन्हा पुन्हा या गावाकडे परतला.

१९४३ मध्ये शालेय शिक्षण संपताच तो सैन्यात दाखल झाला. त्याला हिटलरच्या फौजांशी लढायचे होते. उंची साडेपाच फुटांहून कमी असूनही त्याने छत्रीधारी सैनिकांच्या तुकडीत प्रवेश मिळवला. प्रशिक्षणाच्या काळात तो मुष्टियुद्धही खेळला. पण त्याच्या ११ व्या एअरबोर्न डिव्हिजनची रवानगी युरोपऐवजी प्रशांत महासागराच्या आघाडीवर झाली. नोव्हेंबर १९४४ मध्ये ही तुकडी फिलिपिन्समधील लेयटे बेटावर उतरली. पाऊस, चिखल, डोंगर, उपासमार आणि दर वळणावर दबा धरून बसलेला शत्रू असे ते युद्ध होते.

तिथली एक घटना त्याच्या मनातून कधीच गेली नाही. डोंगरात अडकलेल्या सैनिकांसाठी विमानांतून अन्नाच्या पेट्या टाकल्या जात होत्या. रॉडचा एक जवळचा मित्र तेव्हा सोबत्यांना हसवत उभा होता. वरून आलेली एक पेटी नेमकी त्याच्यावर पडली आणि तो रॉडच्या डोळ्यांसमोर जागीच मरण पावला. भुकेल्यांना वाचवण्यासाठी आलेल्या अन्नानेच जीव घेतला होता. सर्लिंग यांच्या कथांमधला नियतीचा क्रूर उलटफेर अनेकांना लेखकाची क्लृप्ती वाटतो. त्यांनी तो प्रत्यक्ष पाहिला होता.

पुढे मनिलाच्या लढाईतही तो होता. तिथे शहर उद्ध्वस्त झालेले आणि सामान्य नागरिक मोठ्या संख्येने मेलेले त्याने पाहिले. युद्धात तो जखमी झाला. गुडघ्याच्या दुखापतीने नंतरही त्याला त्रास दिला. जखमी सैनिकांना मिळणारे पर्पल हार्ट आणि शौर्यासाठीचे ब्राँझ स्टार ही पदके त्याला मिळाली. १९४५ मध्ये, तो अजून सैन्यातच असताना, वडिलांचे हृदयविकाराने निधन झाले. ते जेमतेम पन्नाशी ओलांडलेले होते. अंत्यसंस्कारालाही मुलाला घरी पोहोचता आले नाही.

१९४६ मध्ये गावी परतलेला तरुण वरवर धडधाकट होता. अशा सैनिकांच्या मनात काय चालले आहे, हे सांगायला वैद्यकशास्त्राकडे तेव्हा धड शब्दही नव्हता. पहिल्या महायुद्धात त्याला 'शेल शॉक' म्हणत, दुसऱ्यात 'युद्धाचा थकवा'. थोडी विश्रांती घेतली की सैनिक बरा होतो, अशी समजूत होती. पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर, म्हणजे आघातानंतर जडणारा ताणविकार, हे निदान अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत १९८० मध्ये आले. तोवर सर्लिंग हयात नव्हते. एखाद्या दिवंगत माणसावर आज निदानाचा शिक्का मारणे योग्य नाही. पण त्यांना छळणारी दुःस्वप्ने आज डॉक्टरांना अगदी ओळखीची आहेत.

मेंदूत अमिग्डाला नावाचा बदामाच्या आकाराचा भाग असतो. धोक्याची घंटा वाजवणे हे त्याचे एक मुख्य काम. घडलेल्या गोष्टीला स्थळ आणि काळ चिकटवून ती आठवणींत लावून ठेवण्याचे काम हिप्पोकॅम्पस हा दुसरा भाग करतो. जिवावर बेतलेल्या प्रसंगात पहिला भाग अतिशय जोरात काम करतो आणि दुसऱ्याचे काम विस्कळीत होऊ शकते. मग ती आठवण 'हे तेव्हा, तिथे घडले' अशी जागेवर बसत नाही. एखादा आवाज, वास किंवा स्वप्न तिला पुन्हा जागे करते. छाती धडधडते, घाम फुटतो, आणि शरीराला वाटते की धोका आत्ता, इथेच आहे.

सैनिकांसाठीच्या शिक्षण योजनेतून सर्लिंग यांनी ओहायोतील अँटिऑक कॉलेजात प्रवेश घेतला. सुरुवातीला त्यांनी शारीरिक शिक्षण हा विषय निवडला होता. लवकरच तो सोडून ते साहित्याकडे वळले. युद्धाचे ओझे मनातून उतरवण्यासाठी त्यांना लिहिणे भाग होते. विद्यार्थिदशेतच त्यांनी लेयटेवरच्या आपल्या सोबत्यांवर एक कथा लिहिली आणि ती अजून जन्माला न आलेल्या आपल्या मुलांना अर्पण केली. युद्ध म्हणजे काय हे त्या मुलांना कळावे, हा हेतू. १९४८ मध्ये त्यांनी कॅरोल क्रेमर या सहाध्यायिनीशी लग्न केले. घरखर्चाला हातभार म्हणून ते शिकत असतानाच पॅराशूटच्या चाचण्यांसाठी विमानातून उड्याही मारत.

मनातला आघात लिहून काढल्याने काही फायदा होतो का, याचा शास्त्रीय अभ्यास बऱ्याच नंतर सुरू झाला. १९८६ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर आणि त्यांच्या विद्यार्थिनीने केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. त्यात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आयुष्यातल्या क्लेशकारक घटनेबद्दल लिहायला सांगितले होते. भावना आणि घटना दोन्ही लिहिणाऱ्यांना पुढच्या काही महिन्यांत दवाखान्याची पायरी कमी वेळा चढावी लागली. नंतरच्या अभ्यासांत हा परिणाम कुठे दिसला, कुठे फारसा दिसला नाही. म्हणजे लेखन आधार देऊ शकते, पण ते उपचाराची जागा घेत नाही. सर्लिंग आयुष्यभर लिहीत राहिले आणि दुःस्वप्ने त्यांना पडतच राहिली.

पदवीनंतर त्यांनी सिनसिनाटीच्या नभोवाणी केंद्रावर नोकरी केली. रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून ते दूरचित्रवाणीसाठी नाटके लिहीत. कितीतरी संहिता साभार परत आल्या. जानेवारी १९५५ मध्ये 'पॅटर्न्स' हे कॉर्पोरेट कंपनीतल्या सत्तास्पर्धेवरचे नाटक थेट प्रक्षेपित झाले आणि एका रात्रीत त्यांचे नाव झाले. नाटक इतके गाजले की महिन्याभरात कलाकारांना ते पुन्हा सादर करावे लागले. पुढच्या वर्षी थकलेल्या मुष्टियोद्ध्यावरचे 'रेक्विएम फॉर अ हेवीवेट' आले. लेखनासाठीचे एमी पुरस्कार त्यांना एकूण सहा वेळा मिळाले.

नाव झाले तसे खऱ्या प्रश्नांवर लिहावे असे त्यांना वाटू लागले, आणि तिथेच अडचण सुरू झाली. ऑगस्ट १९५५ मध्ये मिसिसिपी राज्यात एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाची निर्घृण हत्या झाली. आरोपी गोरे होते, ज्युरीतले सगळे गोरे होते, आणि आरोपी निर्दोष सुटले. सर्लिंग यांनी या घटनेवरून नाटक लिहायला घेतले. त्या काळी कार्यक्रमाचा खर्च प्रायोजक कंपनी करत असे आणि दक्षिणेतले ग्राहक दुखावतील या धास्तीने ती प्रत्येक ओळ तपासत असे. बळी पडलेली व्यक्ती कृष्णवर्णीय ठेवता आली नाही. नाटकाचा संबंध टिल प्रकरणाशी आहे हे बाहेर कळल्यावर निषेधाच्या पत्रांचा पाऊस पडला. मग गाव दक्षिणेतून उचलून ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडमध्ये नेले गेले. एका शीतपेयाचा उल्लेख दक्षिणेची आठवण करून देतो म्हणून तोही काढला गेला. एप्रिल १९५६ मध्ये जे प्रक्षेपित झाले त्यात मूळ विषय शोधावा लागत होता. १९५८ मध्ये त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. या वेळी कथा जवळजवळ शंभर वर्षे मागे नेऊन बळी मेक्सिकन तरुण करावा लागला.

या अनुभवांतून सर्लिंग एक गोष्ट शिकले. जे बोलणे सिनेटरच्या तोंडी चालत नाही, ते मंगळावरून आलेल्या प्राण्याच्या तोंडी चालून जाते. प्रायोजकाला त्यात फक्त परग्रह दिसतो आणि प्रेक्षकाला मात्र आपली गल्ली दिसते. आपल्याकडे पंचतंत्रातल्या सिंह-कोल्ह्यांनी राजाला जे सुनावले, तेच काम इथे रोबो आणि परग्रहवासी करणार होते. नोव्हेंबर १९५८ मध्ये त्यांचे 'द टाइम एलिमेंट' प्रक्षेपित झाले. त्यातला माणूस मानसोपचारतज्ज्ञाला सांगतो की, आपण रोज स्वप्नात पर्ल हार्बरवरील हल्ल्याच्या आदल्या दिवशी होनोलुलूत जाऊन पोहोचतो, लोकांना सावध करतो, पण कोणी विश्वास ठेवत नाही. हे नाटक लोकांना आवडले आणि २ ऑक्टोबर १९५९ रोजी 'द ट्वायलाइट झोन' सुरू झाली. १९६४ पर्यंत तिचे १५६ भाग झाले. त्यातले ९२ सर्लिंग यांनी लिहिले.

४ मार्च १९६० रोजी दाखवलेला मेपल स्ट्रीटवरच्या राक्षसांचा भाग आजही शिकवला जातो. एका सुखवस्तू गल्लीत संध्याकाळी अचानक वीज जाते. फोन बंद पडतात, मोटारी सुरू होत नाहीत. एक मुलगा विज्ञानकथेत वाचलेले सांगतो की, परग्रहवासी आधी माणसाच्या रूपातले एक कुटुंब पाठवतात. तेवढ्यात एकाची मोटार आपोआप सुरू होते. झाले, सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळतात. कोण रात्री आकाशाकडे बघत बसतो, कोणाच्या तळघरात रेडिओ आहे, असली साधी कारणे पुरावा ठरतात. अंधारातून येणाऱ्या एकावर गोळी झाडली जाते. तो शेजारीच निघतो. शेवटी टेकडीवर बसलेले खरे परग्रहवासी दिसतात. त्यांनी फक्त वीज घालवलेली असते, बाकीचे काम माणसांनीच केलेले असते.

याच सुमारास शास्त्रज्ञही हाच प्रश्न प्रयोगातून तपासत होते. १९५४ मध्ये मुझफर शेरीफ आणि सहकाऱ्यांनी ओक्लाहोमातील रॉबर्स केव्ह येथे साधारण अकरा वर्षांच्या २२ मुलांचे शिबिर भरवले. मुले एकसारख्याच पार्श्वभूमीची होती आणि एकमेकांना अनोळखी होती. त्यांचे दोन गट केले आणि गटांमध्ये स्पर्धा लावल्या. काही दिवसांतच शिवीगाळ, झेंडे जाळणे, एकमेकांच्या खोल्यांवर धाडी असे प्रकार सुरू झाले. नुसते एकत्र जेवायला बसवून किंवा सिनेमा दाखवून हे वैर गेले नाही. शिबिराचे पाणी बंद पडले आणि बिघाड शोधायला दोन्ही गटांना एकत्र राबावे लागले, तेव्हा ते ओसरू लागले. अशी आणखी काही कामे झाल्यावर मुले परत जाताना एकाच बसने गेली. या प्रयोगाच्या पद्धतीवर पुढे टीकाही झाली. मुलांना त्यांच्या नकळत भांडायला लावणे आजच्या नियमांत बसणार नाही. तरी एक निष्कर्ष टिकून आहे. 'आपण' आणि 'ते' ही रेघ ओढायला फार काही लागत नाही, आणि ती पुसायला नुसता उपदेश पुरत नाही, सामाईक काम लागते.

१९६१ च्या उन्हाळ्यात बर्लिनवरून अमेरिका आणि सोव्हिएत संघात तणाव वाढला आणि अणुहल्ल्यापासून वाचण्यासाठी घराखाली तळघरे बांधण्याची चर्चा अमेरिकेत घरोघरी सुरू झाली. सप्टेंबरमध्ये सर्लिंग यांनी 'द शेल्टर' दाखवले. एका डॉक्टरच्या वाढदिवसाला जमलेले शेजारी हल्ल्याची सूचना ऐकताच त्याच्या तळघराचे दार फोडतात. बाहेरून येऊन स्थायिक झालेल्या शेजाऱ्याला लगेच 'परका' ठरवले जाते. सूचना खोटी निघते, पण त्यानंतर त्या गल्लीत पूर्वीसारखे कोणीच राहत नाही.

याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी आपल्या दुःस्वप्नातल्या शत्रूकडेच कथा वळवली. ऑगस्ट १९४५, फिलिपिन्स. नव्याने आलेला अमेरिकी अधिकारी गुहेत लपलेल्या जखमी, उपाशी जपानी सैनिकांना ठार करायला उतावीळ आहे. एका क्षणात तो स्वतः १९४२ मधला जपानी अधिकारी होतो. समोर तशीच गुहा, आत तसेच जखमी सैनिक, पण ते अमेरिकी आहेत. आता त्यांच्यासाठी दया मागण्याची वेळ त्याच्यावर येते. ज्या मातीत सर्लिंग यांचे मित्र मेले, त्याच मातीवर उभे राहून त्यांनी शत्रूला माणसाचा चेहरा दिला. ज्याला रात्री तोच शत्रू अंगावर येताना दिसत होता, त्या माणसासाठी हे सोपे नव्हते.

ज्यू घरातला हा लेखक नाझींबाबत मात्र विसरायला तयार नव्हता. आइकमनवर जेरुसलेममध्ये खटला चालला त्याच वर्षी त्यांनी डाखाऊच्या छळछावणीत परतलेल्या नाझी अधिकाऱ्याची कथा लिहिली. तिथे मृतांचे आत्मेच त्याच्यावर खटला भरतात. सहिष्णुता म्हणजे गुन्ह्यावर पांघरूण नव्हे, हे त्यांना ठाऊक होते. पडद्यावर कृष्णवर्णीय कलाकार क्वचित दिसत अशा काळात, १९६० मध्ये, त्यांनी एका मुष्टियोद्ध्याच्या कथेत जवळजवळ सर्व कलाकार कृष्णवर्णीय घेतले, आणि कथेचा विषय वंश नव्हता. या वाटेवर पुढे 'स्टार ट्रेक'सारख्या मालिकाही चालल्या.

मालिका संपल्यावर सर्लिंग यांनी 'प्लॅनेट ऑफ द एप्स' या १९६८ च्या चित्रपटाच्या पटकथेवर काम केले. माणसाने स्वतःच युद्धाने आपले जग संपवले, हे सांगणारा त्याचा शेवट प्रसिद्ध आहे. व्हिएतनाम युद्धाला त्यांनी जाहीर विरोध केला. न्यूयॉर्क राज्यातील इथाका कॉलेजात ते विद्यार्थ्यांना लेखन शिकवू लागले.

या सगळ्या वर्षांत त्यांच्या हातातून सिगारेट सुटली नाही. काळा सूट, ताठ उभा माणूस आणि बोटांत जळती सिगारेट ही त्यांची पडद्यावरची ओळखच झाली होती. मालिकेच्या प्रायोजकांत तंबाखू कंपनीही होती आणि भागाच्या शेवटी ते स्वतः सिगारेटची शिफारस करत. दिवसाला तीन-चार पाकिटे ते ओढत. त्यांच्या पिढीच्या सैनिकांना शिध्याच्या पाकिटातच सिगारेटी मिळत. ताण आला की सिगारेट, हे समीकरण सैन्यानेच शिकवले होते.

हा आराम फसवा असतो. धुरातले निकोटीन काही सेकंदांत मेंदूत पोहोचते आणि बरे वाटते. पण थोड्याच वेळात त्याची पातळी घटते, बेचैनी वाढते आणि ती घालवायला पुढची सिगारेट लागते. प्रत्येक वेळी हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढतो. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातील ऑक्सिजनची जागा अडवतो. धमन्यांचे आतले नाजूक अस्तर खराब होते, तिथे चरबीचे थर साचतात आणि रक्त लवकर गोठू लागते. सिगारेटमुळे फुप्फुसाचा कर्करोग होतो, हे अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या अहवालाने जानेवारी १९६४ मध्ये स्पष्ट सांगितले होते. सर्लिंग यांच्याबाबतीत वडिलांचे अकाली हृदयविकाराने जाणे ही आणखी एक धोक्याची खूण होती.

मे १९७५ मध्ये त्यांना हृदयविकाराचा झटका आला. पायातली शीर काढून हृदयाच्या अडलेल्या धमनीला पर्यायी वाट करून देणारी बायपास शस्त्रक्रिया डॉ. रेने फावालोरो यांनी क्लीव्हलँडमध्ये १९६७ मध्ये रूढ केली होती. म्हणजे ती तेव्हा जेमतेम आठ वर्षांची होती. कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन औषधे बाजारात यायला आणखी बारा वर्षे होती. २६ जून रोजी रॉचेस्टरच्या रुग्णालयात सर्लिंग यांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. त्या वेळीच त्यांना पुन्हा झटका आला आणि २८ जून १९७५ रोजी त्यांचे निधन झाले. वडिलांइतके आयुष्यही त्यांना लाभले नाही.

आज असा माणूस डॉक्टरांकडे आला तर त्याच्यासाठी बरेच काही करता येते. दुःस्वप्नांवर एक उपचार असा आहे की, जागेपणी त्या स्वप्नाचा शेवट बदलून लिहायचा आणि रोज काही मिनिटे नवी गोष्ट मनात घोळवायची. आघाताच्या आठवणींना सुरक्षित वातावरणात सामोरे जाण्याचे समुपदेशन आहे, औषधे आहेत. धूम्रपान सोडण्यासाठी मदत मिळते, आणि सोडल्यावर साधारण वर्षभरात हृदयविकाराचा वाढलेला धोका निम्म्यावर येतो. युद्ध, अपघात, दंगल किंवा घरातला हिंसाचार यांतून गेलेल्या कोणाची झोप महिनोन्‌महिने उडाली असेल, तर तो मनाचा कमकुवतपणा नव्हे. आपल्याकडे सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते, मराठीतही.

मेपल स्ट्रीटवरच्या त्या लोकांना वीज परत येईपर्यंत थांबता आले असते, एकमेकांच्या दारात जाऊन विचारपूस करता आली असती. ते त्यांना जमले नाही, कारण भ्यालेल्या माणसाला आधी शत्रू हवा असतो. ही गोष्ट लिहिणाऱ्या माणसाला भीती जवळून माहीत होती. ती त्याच्या झोपेत होती. दिवसा मात्र तो टेबलाशी बसून तिला गोष्टीत घालत राहिला आणि दर वेळी तिच्यासमोर प्रेक्षकाच्या ओळखीचा एखादा शेजारी उभा करत राहिला.